ब्लॉगला उठवतं कोण?

बाईंचा फोन शनिवारी सकाळी पावणेदहाच्या सुमारास यायचा. “अरे, नवीन पुस्तकांची यादी सहा वाजता लागते म्हणालास ना? मला तर मागच्याच आठवड्याची दिसतेय.” मी मोबाइलवर वाचनालयाचा ब्लॉग बघायचो, तर नवी यादी जागच्या जागी. “बाई, लागलीये की!” त्या पुन्हा उघडायच्या. “हो रे, आता दिसतेय.” सलग तीन शनिवार असंच झालं. चौथ्या शनिवारी मला शंका आली की चूक बाईंच्या फोनची नाही.

गिरगावातल्या एका चाळीत, तळमजल्यावर आमचं छोटं वाचनालय आहे. सभासद ४०० च्या आसपास. बाई निवृत्त शिक्षिका, आमच्या सगळ्यात जुन्या वाचकांपैकी. देवघेव पूर्वी जाड रजिस्टरात व्हायची, आता ती गूगल शीटमध्ये, म्हणजे संगणकावरच्या हिशेबाच्या वहीत होते. नव्या पुस्तकांची यादी ब्लॉगवर लागते आणि पुस्तक परत करायची आठवण ईमेलने जाते. यातलं बरंचसं काम आता आपोआप होतं. पण ‘आपोआप’ हा शब्द फसवा आहे. संगणकात काहीच आपोआप होत नाही, प्रत्येक कामाला कोणीतरी उठवावं लागतं. ते कोण उठवतं हे कळलं, की अशा गोष्टी कुणालाही जमतात आणि बिघडल्या तर दुरुस्तही करता येतात.

सुरुवात शीटमधल्या एका चौकटीपासून करू. १९७८ साली डॅन ब्रिकलिन हा हार्वर्डमध्ये व्यवस्थापन शिकत होता. वर्गात प्राध्यापक फळ्यावर आकड्यांचा तक्ता मांडत. एक आकडा बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे पुसून पुन्हा लिहावे लागत. फळ्यानेच ते का करू नये, हा विचार त्याच्या डोक्यात घोळत राहिला आणि बॉब फ्रँकस्टनबरोबर त्याने व्हिजिकॅल्क हे असे तक्ते सांभाळणारं सॉफ्टवेअर तयार केलं. १९७९ मध्ये ते ॲपल टू संगणकावर आलं. अनेकांनी केवळ त्याच्यासाठी तो संगणक घेतला.

आमच्या शीटमध्ये एका ओळीत देवघेवीची तारीख असते, पुढच्या चौकटीत परतीची तारीख म्हणजे अधिक १४ दिवस, त्यापुढे उशीर किती दिवस आणि त्यापुढे दंड. सगळ्यात खाली दंडाची एकूण बेरीज. देवघेवीची तारीख बदलली की हे चार आकडे बदलतात, बाकीची शीट झोपलेली राहते. कारण कुठली चौकट कुणाच्या भरवशावर आहे याचा बाणांचा एक नकाशा शीट पडद्यामागे ठेवते. एक चौकट हलली की बाण जिकडे जातात तेवढ्याच चौकटींना हाक जाते. पुरणपोळी करताना आधी डाळ शिजते, मग पुरण वाटलं जातं, मग पोळी लाटली जाते. कागदावर कृती उलटसुलट लिहिली तरी करणाऱ्याला क्रम कळतो. तसा हिशेबाचा क्रम यंत्राने स्वतः शोधावा, सूत्रं कुठल्याही क्रमाने लिहिलेली चालावीत, ही कल्पना रेने पार्डो आणि रेमी लँडाऊ यांनी १९६९ मध्येच मांडली होती. व्हिजिकॅल्कच्या दहा वर्षं आधी. दोन चौकटी एकमेकींवरच अवलंबून ठेवल्या, तर मात्र सुरुवात कुठून करायची ते यंत्राला कळत नाही आणि ते चूक झाल्याची खूण दाखवून थांबतं.

काही सूत्रांना मात्र दुसऱ्या चौकटीची हाक लागतच नाही. ‘टुडे’ हे त्यातलं एक, आजची तारीख देणारं. देवघेवीच्या रकान्यात हाताने तारीख टाकायचा कंटाळा म्हणून आमच्या ग्रंथपाल काकांनी तिथे तेच सूत्र भरलं. दोन महिने आम्ही खूश होतो, कारण एकाही पुस्तकाला उशीर होत नव्हता. होणार कसा? सूत्र रोज नव्याने ‘आज’ सांगत होतं, त्यामुळे चाळीतलं प्रत्येक पुस्तक रोज सकाळी नव्याने नेलेलं दिसायचं. घडलेल्या गोष्टीची तारीख गोठवून ठेवावी लागते. कंट्रोल आणि अर्धविराम या दोन कळा एकत्र दाबल्या की आजची तारीख कायमची उमटते. ‘टुडे’ची जागा उशीर मोजणाऱ्या रकान्यात, तिथे ते रोज बदलायलाच हवं.

तारखांचा दुसरा त्रास खास चाळीचा. दुसऱ्या मजल्यावरची अकरावी खोली आम्ही २/११ अशी लिहितो. शीटला ती २ नोव्हेंबर वाटते. आत ती एक मोठा आकडा होऊन बसते, कारण गूगल शीटमध्ये तारीख म्हणजे ३० डिसेंबर १८९९ पासून मोजलेले दिवस. २ नोव्हेंबर २०२४ ही तारीख तिथे ४५५९८ असते. खोली नंबराच्या रकान्याला आधीच ‘साधा मजकूर’ करून ठेवलं की हे टळतं. ही चूक फक्त आपल्यासारख्यांचीच होते असं नाही. मानवी जनुकांची काही नावं मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी होती. एक्सेल त्यांच्या तारखा करून टाकायचं आणि त्या चुका शोधनिबंधांच्या जोडपत्रांत छापल्या जायच्या. २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने शेवटी जनुकांचीच नावं बदलल्याचं जाहीर केलं. एखाद्या सॉफ्टवेअरच्या सवयीपुढे विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली, हे मला आजही अस्वस्थ करतं.

आता घड्याळाकडे. चौकटी एकमेकींना उठवतात, पण रोज सकाळी शीट कोणी उघडली नाही तरी ईमेल जायला हवेत. त्यासाठी गूगलने २००९ मध्ये ॲप्स स्क्रिप्ट आणलं. शीटच्याच पोटात जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या चार-दहा ओळी (हीच स्क्रिप्ट) लिहायच्या आणि त्यांना ट्रिगर, म्हणजे काम सुरू करणारी कळ लावायची. कोणी चौकट बदलली तर, कोणी फॉर्म भरला तर, किंवा घड्याळात अमुक वेळ झाली तर. घड्याळाने काम सुरू करण्याची युक्ती जुनी आहे. युनिक्स या संगणक-प्रणालीत ‘क्रॉन’ नावाचा पहारेकरी १९७० च्या दशकापासून आहे. गूगलचा पहारेकरी थोडा सैल आहे. रोजच्या कामाला तुम्ही आठ ते नऊ अशी वेळ देता आणि त्या तासात तो कधीही येतो. आठवणीच्या ईमेलला तेवढं चालतं.

माझी पहिली स्क्रिप्ट अर्ध्यावरच मेली. एका वेळी सलग ६ मिनिटंच चालायची मुभा असते आणि मी प्रत्येक चौकट वेगळी वाचायला लावली होती. माळ्यावरून चाळीस पुस्तकं खाली आणायची असताना एकेका पुस्तकासाठी जिना चढावा-उतरावा, तसा प्रकार. सगळा तक्ता एकदम उचलून आणला तर तेच काम काही सेकंदांत होतं. पण खरी फजिती पुढे झाली. स्क्रिप्ट थांबली तेव्हा ३१ जणांना ईमेल गेले होते. मी ती पुन्हा चालवली आणि त्याच ३१ जणांना दुसऱ्यांदा ईमेल गेले. एका आजोबांनी पुस्तक आदल्याच दिवशी परत केलं होतं, त्यांना दोनदा आठवण. ते स्वतः वाचनालयात आले, पावती दाखवली. मला फार वाईट वाटलं.

लिफ्टचं बटण दहा वेळा दाबलं तरी लिफ्ट एकदाच येते. दारावरची बेल दहा वेळा दाबली तर दहा वेळा वाजते. स्वयंचलित कामं लिफ्टच्या बटणासारखी हवीत, कारण अर्ध्यात थांबणं आणि पुन्हा सुरू होणं हे होणारच. आम्ही ‘आठवण पाठवली’ असा रकाना वाढवला. ईमेल गेला की त्याच क्षणी तिथे तारीख उमटते आणि तारीख असेल तर ती ओळ वगळली जाते. वाचायचं एकदम, पण खूण करायची एकेक आणि लगेच. फुकटच्या खात्यावरून स्क्रिप्टने दिवसाला १०० जणांनाच ईमेल पाठवता येतो, म्हणून सणासुदीनंतर थकलेली यादी लांबली तरी उरलेल्यांना दुसऱ्या दिवशी जातो, कोणाला दोनदा नाही.

मराठी माणसाने शिकून ठेवावी अशी आणखी एक गोष्ट. पुस्तक परत करताना सभासद मोबाइलवर फॉर्म भरतात आणि पुस्तकाचा दाखल क्रमांक लिहितात. काहीजण तो देवनागरी आकड्यांत लिहितात, आणि का लिहू नये? पण जावास्क्रिप्टला देवनागरी १०४७ दिलं तर ती ‘हा आकडाच नाही’ असं म्हणते. युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या यादीत प्रत्येक अक्षराला क्रमांक असतो. इंग्रजी शून्याचा ४८, देवनागरी शून्याचा २४०६. दोन्हीकडे शून्य ते नऊ ओळीने बसलेले आहेत, म्हणून प्रत्येक देवनागरी अंकाच्या क्रमांकातून २३५८ वजा केले की इंग्रजी अंक मिळतो. एका ओळीचं काम. सभासदांना ‘इंग्रजीत लिहा’ अशी पाटी लावण्यापेक्षा ती एक ओळ लिहिणं मला जास्त योग्य वाटलं.

आता बाईंच्या शनिवारकडे. आमचा ब्लॉग वर्डप्रेस या ब्लॉग चालवायच्या सॉफ्टवेअरवर आहे. मॅट मुलनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये वर्डप्रेस सुरू केला आणि पुढच्याच वर्षी त्यात प्लगइनची, म्हणजे बाहेरून जोडायच्या छोट्या प्रोग्रामची सोय आली. घराच्या भिंतीवर आधीच ठोकलेल्या खुंट्या असाव्यात तशा वर्डप्रेसच्या कामकाजात जागोजागी खुंट्या आहेत. लेख प्रसिद्ध झाला, एक खुंटी. मजकूर वाचकाला दाखवायची वेळ आली, दुसरी खुंटी. प्लगइन आपलं काम एखाद्या खुंटीला अडकवतो आणि ती वेळ आली की वर्डप्रेस त्याला हाक मारतो. मूळ घराला हात न लावता नवी सोय होते. अधिकृत संग्रहात आज ५० हजारांहून जास्त प्लगइन आहेत ते याच खुंट्यांमुळे.

पण ‘शनिवारी सहा वाजता प्रसिद्ध कर’ असं सांगितलं तर सहा वाजले हे वर्डप्रेसला कळतं कसं? कळतच नाही. त्याच्याकडे स्वतः जागं राहणारं घड्याळ नाही. स्वस्तातल्या सर्व्हरवर एकाच यंत्रात शेकडो ब्लॉग भाड्याने राहतात आणि यंत्राचं घड्याळ प्रत्येक भाडेकरूच्या हाती असेलच असं नाही. तिथे ब्लॉगला एकच गोष्ट हमखास मिळते, ती म्हणजे येणारा वाचक. म्हणून कोणी पान उघडलं की वर्डप्रेस आधी बघतो, एखादं काम वेळ टळून राहिलंय का? राहिलं असेल तर त्यासाठी स्वतःलाच एक वेगळी हाक मारतो, पण आलेल्या वाचकाला ताटकळत ठेवत नाही. त्याच्यापुढे आहे ते पान ठेवतो. म्हणजे जुनंच.

आमचा ब्लॉग छोटा. शनिवारी सकाळी त्यावर पहिल्यांदा येणाऱ्या बाईच. सहाची यादी पावणेदहापर्यंत पडून राहायची. बाई आल्या की त्यांच्या पावलांनी ती लागायची, पण त्यांना स्वतःला दिसायची जुनी. दुसऱ्यांदा उघडली की नवी. आठवडाभर लॉग, म्हणजे ब्लॉगवर कधी काय घडलं याच्या नोंदी चाळल्यावर हे कळलं तेव्हा मी थक्क झालो. इतके दिवस आमचा ब्लॉग बाई उठवत होत्या.

दुरुस्ती दोन भागांत झाली. ब्लॉगच्या सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालून ‘वाचक आला की बघ’ ही सवय बंद केली. आणि शीटमधल्या स्क्रिप्टला सांगितलं, दर १५ मिनिटांनी ब्लॉगच्या, राहिलेली कामं तपासणाऱ्या ठरावीक पत्त्यावर टकटक कर. दिवसाला ९६ वेळा. अशा विनंत्यांची फुकट मर्यादा २० हजारांची आहे, त्यामुळे ती चिंता नाही. ब्लॉगला घड्याळ नव्हतं, वहीला होतं. वहीच आता त्याला उठवते. सर्व्हरवर क्रॉन वापरायची सोय मिळत असेल तर तो मार्ग अधिक सरळ, आमच्याकडे ती नव्हती.

एवढं करूनही पहिल्या शनिवारी यादी साडेअकराला लागली. वेळेचा पट्टा! दुरुस्तीच्या गडबडीत माझ्या हातून ब्लॉगची वेळ जागतिक प्रमाणवेळेवर गेली होती, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे. या शहराला वेळेचे वाद नवे नाहीत. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे असलेली आपली ‘बॉम्बे टाइम’ स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं चालू ठेवली होती. ब्लॉगच्या सेटिंगमध्ये ‘कोलकाता’ (भारतीय वेळेचं तिथलं नाव) निवडलं आणि तो प्रश्न मिटला. शीट आणि स्क्रिप्ट यांचेही वेळेचे पट्टे वेगवेगळे असतात, तिन्ही एकदा तपासून घ्या.

खुंट्यांबद्दल एक काळजीची गोष्ट सांगतो. प्लगइनला घरात घेतलं की त्याला सगळ्या खोल्यांच्या किल्ल्या मिळतात. तो ब्लॉगची सगळी माहिती वाचू शकतो आणि बदलूही शकतो. म्हणून आमच्याकडे आता चारच प्लगइन आहेत, चारही नियमित अद्ययावत होणारे. जे काम शीटमध्ये होतं त्यासाठी प्लगइन घेत नाही. शीटचंही तसंच. ‘लिंक असलेल्या कुणालाही’ ही सोय चालू ठेवून सभासदांच्या फोन नंबरांची यादी व्हॉट्सॲपवर फिरवणं म्हणजे रजिस्टर फुटपाथवर उघडं ठेवणं. आम्ही नंबर वेगळ्या शीटमध्ये ठेवलेत आणि ती दोघांनाच उघडते.

गेल्या शनिवारी बाई वाचनालयात आल्या, हातात कापडी पिशवी. “यादी पहिल्या फटक्यात दिसली हो,” म्हणाल्या. मी त्यांना सगळा प्रकार सांगितला, त्यांच्या येण्याने ब्लॉग कसा उठायचा तो. त्या जरा विचारात पडल्या. मग विचारलं, “म्हणजे मी ज्या शनिवारी पुण्याला लेकीकडे होते, तेव्हा?”

मी लॉग उघडून त्यांच्यापुढे धरला. त्या शनिवारी यादी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी लागली होती.