आराखड्यावरून प्रोग्रॅम

आराखड्यावरून प्रोग्रॅम : विद्यार्थ्याने साध्या भाषेत, फ्लोचार्टमध्ये किंवा स्यूडोकोडमध्ये (कोडसारख्या मांडणीतल्या साध्या वाक्यांत) लिहिलेल्या पायऱ्यांवरून संगणकावर प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम तयार करण्याचे कौशल्य आणि ते शिकवण्याच्या पद्धती. शालेय संगणकशिक्षणात हा टप्पा बहुधा घाईत उरकला जातो. वहीत आराखडा तयार असतो, प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या आज्ञा फळ्यावर शिकवून झालेल्या असतात. आता मुलाने कोड लिहावा, एवढेच बाकी आहे असे मानले जाते. खरी अडचण इथेच सुरू होते.

आराखडा माणसाच्या भाषेत असतो आणि माणूस वाचताना न लिहिलेले मनाने भरून घेतो. संगणक तसे करत नाही. संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवशिक्यांच्या चुकांची छाननी केली, तेव्हा वरवर निरनिराळ्या दिसणाऱ्या चुकांच्या मुळाशी त्यांना एकच समजूत आढळली : यंत्राच्या आत आपला हेतू ओळखणारे एखादे मन दडलेले आहे. या समजुतीला त्यांनी ‘सुपरबग’ म्हटले. मूल ती बोलून दाखवत नाही, पण ‘हे त्याला कळायला हवं ना!’ या तक्रारीत ती स्पष्ट ऐकू येते.

मुलांसाठी मुद्दाम घडवलेल्या भाषांपैकी पहिली महत्त्वाची भाषा म्हणजे लोगो. वॉली फर्झिग, सीमोर पॅपर्ट आणि सिंथिया सॉलोमन यांच्या कामातून ती १९६७ मध्ये आकाराला आली. पुढे तिच्यात आलेल्या, रेघ ओढत चालणाऱ्या ‘कासवा’ला आज्ञा देऊन मुले आकृत्या काढू लागली. आराखडा आणि प्रोग्रॅम यांतली दरी या कासवाइतकी लख्ख क्वचितच दिसते. समभुज त्रिकोणासाठी मूल लिहिते : बाजू काढ, ६० अंश वळ, असे तीनदा कर. भूमितीतले ज्ञान बरोबरच आहे, त्रिकोणाचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो. तरी पडद्यावर उमटते तीन बाजूंची उघडी आकृती, षट्कोनाची अर्धी कड. कासव आतला कोन पाहत नाही. तोंड ज्या दिशेला आहे तिथून ते वळते. म्हणून वळण बाहेरच्या कोनाइतके, म्हणजे १२० अंशांचे हवे.

अशा वेळी शिक्षकाने ‘६० खोड, १२० लिही’ असे सांगितले तर त्रिकोण लगेच मिळतो, पण चूक का झाली हे मुलाला कळत नाही. त्याऐवजी मुलाने उठून जमिनीवर तीच वाट चालून पाहिली, तर कोपऱ्यावर आपण किती जास्त वळलो हे त्याला अंगाने जाणवते. पॅपर्ट यांचा भर याच गोष्टीवर होता : मुलाने स्वतःला कासवाच्या जागी ठेवावे. एवढे जमले की एका फेरीत एकूण ३६० अंश वळायचे आणि ते बाजूंच्या संख्येने भागायचे, हा नियम मूल बहुतेक वेळा आपण होऊन शोधते आणि पंचकोन न सांगता काढते.

आराखड्याची परंपरा जुनी आहे. हर्मन गोल्डस्टाइन आणि जॉन फॉन नॉयमन यांनी १९४७ मध्येच संगणकासाठी प्रवाह-आकृत्या वापरल्या होत्या. शिकवण्याच्या दृष्टीने मात्र निक्लाउस विर्ट यांचा १९७१ मधला विचार अधिक उपयोगी पडतो : काम पायरीपायरीने बारीक करत जायचे आणि प्रत्येक ओळ एक-दोन आज्ञांत बसेपर्यंत थांबायचे नाही. शाळेत याचे सर्वांत सोपे रूप म्हणजे आराखड्याच्या ओळी प्रोग्रॅममध्ये टिप्पणी (संगणक वगळतो अशी ओळ) म्हणून उतरवणे आणि एकेका ओळीखाली तिचा कोड भरत जाणे. प्रत्येक ओळ भरली की प्रोग्रॅम चालवून पाहायचा. पूर्ण कोड लिहून मग चालवण्याची सवय एकदा लागली की मोडायला फार वेळ जातो.

ओळ छोटी असली तरी ती पुरेशी बारीक झाली आहे, असे समजू नये. ‘दोन संख्या घे, बेरीज कर, दाखव’ हा आराखडा कोणालाही पूर्ण वाटेल. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत तो शब्दशः उतरवला आणि १२ व ५ दिले, तर उत्तर १७ न येता १२५ येते. कीबोर्डवरून आलेली गोष्ट पायथनच्या लेखी मजकूर असते आणि मजकुराची ‘बेरीज’ म्हणजे जोडणी. दुरुस्ती कोडमध्ये करता येते, पण ती आधी वहीत व्हावी : ‘आलेल्या मजकुराची संख्या कर’ ही ओळ आराखड्यात राहून गेली होती.

एलियट सोलोवे यांचा १९८६ मधला पावसाच्या सरासरीचा प्रश्न याहून खोल पाणी दाखवतो. संख्या घेत राहायच्या, ९९९९९ आला की थांबायचे आणि सरासरी सांगायची. बेरीज, मोजणी, थांबणे, भागाकार हे सुटे सुटे सगळ्यांना येते. त्यांची वीण घालताना हात अडतो. खुणेचा ९९९९९ बेरजेत मिसळतो, किंवा पहिलीच संख्या ९९९९९ असली की शून्याने भागण्याची वेळ येते. ही अडचण केवळ लहान मुलांची नाही. मायकेल मॅक्रॅकन यांच्या गटाने २००१ मध्ये चार विद्यापीठांतील २१६ विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला दिले. ११० पैकी सरासरी गुण २२.८९ भरले. रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की अनेकांना तयार कोड वाचून त्याचे उत्तर सांगणेही अवघड जाते.

म्हणून लिहिण्याआधी वाचणे, हा आजच्या बऱ्याच पद्धतींचा पाया आहे. स्यू सेंटन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘प्रिम’ पद्धतीत मूल आधी तयार प्रोग्रॅम काय करेल याचा अंदाज बांधते, मग तो चालवते, तपासते, बदलते आणि शेवटी स्वतःचा लिहिते. डेल पार्सन्स व पॅट्रिशिया हेडन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या कोड्यांत बरोबर ओळी विस्कटून दिलेल्या असतात, फक्त क्रम लावायचा असतो. सर्वांत जुने आणि अजूनही सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे ड्राय रन : कागदावर तक्ता आखून प्रत्येक ओळीनंतर चलांच्या (किंमत साठवणाऱ्या नावांच्या) किमती लिहीत जाणे. मुले कंटाळतात, तरी ते सोडू नये. ९९९९९ बेरजेत कुठे शिरला हे तक्त्यात नेमके दिसते.

२००७ मध्ये खुल्या झालेल्या स्क्रॅचसारख्या, आज्ञांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायच्या भाषांनी स्पेलिंग आणि विरामचिन्हांचा जाच संपवला, हे मोठेच काम झाले. आराखड्यातली पोकळी मात्र ठोकळे भरत नाहीत. चुकीच्या क्रमातले ठोकळेही एकमेकांत छान बसतात.

मदत करणाऱ्याने मुलाच्या कीबोर्डला हात न लावणे, हा या कामातला पाळायला सर्वांत कठीण नियम. ‘ही ओळ झाल्यावर चलात काय असेल?’, ‘आराखड्यातली कोणती ओळ इथे आली?’ असे प्रश्न विचारून थांबावे लागते आणि ती शांतता सहन करावी लागते.

वर्णन वाचून कोड लिहून देणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनांनी आता परिस्थिती पालटली आहे. ती साधने आराखड्यात राहून गेलेले खरोखरच अंदाजाने भरतात. सुपरबगमधली समजूत अंशतः खरी ठरते. प्रोग्रॅम चालतो, पण पोकळी कशाने भरली हे मुलाला ठाऊक नसते. अशा कोडवर वर्गात करण्याजोगे काम म्हणजे त्याची एकेक ओळ आराखड्याशी ताडून पाहणे आणि आराखड्यात नसलेल्या ओळींवर खूण करून, प्रत्येकीसमोर ती का लागली हे मुलाने स्वतःच्या शब्दांत लिहिणे.