जुनी भीती आणि तिच्या शेजारची नवी आठवण

‘एकदा सगळं बोलून टाका, रडून घ्या, मोकळं वाटेल’ हा सल्ला इतका सर्रास दिला जातो, की थेरपी म्हणजे हेच असं अनेकांना वाटतं. रडल्यावर हलकं वाटतं, हे खरं. पण आघातानंतर लगेच, एकाच बैठकीत सगळा प्रसंग वदवून घेण्याची पद्धत तपासली गेली, तेव्हा तिने पीटीएसडी (आघातानंतर दीर्घकाळ टिकणारा मानसिक विकार) टळत नाही असं दिसलं. काही चाचण्यांत तर त्रास वाढलेला आढळला.

कारण पाव्हलोव्हच्या कुत्र्यांत सापडतं. अन्नाआधी दरवेळी ठरावीक आवाज ऐकवला की पुढे नुसत्या आवाजानेही कुत्र्याला लाळ सुटते; आवाजानंतर अन्न देणं बंद केलं की ती थांबते, इथवर आपण शाळेत शिकतो. पण काही वेळ जाऊ देऊन तोच आवाज पुन्हा ऐकवला की लाळ परत सुटते! पहिलं शिकणं पुसलं गेलेलंच नसतं. भीतीचंही तसंच. अमिग्डाला या मेंदूतल्या भीतीशी संबंधित भागातली ‘हे धोक्याचं’ ही जोडणी बहुतांशी शाबूत राहते आणि ‘आता धोका नाही’ ही वेगळी आठवण तिच्या शेजारी तयार होते. कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्सचा खालचा-मधला भाग अमिग्डालातल्या दमनकारी पेशींच्या पुंजक्यांना चेतवतो आणि त्या पेशी भीतीचा बाहेर जाणारा संदेश अडवतात. ही नवी आठवण नाजूक असते आणि जिथे तयार झाली त्या जागेला चिकटून राहते.

ती तयार व्हायला मेंदूचा अंदाज चुकावा लागतो. शरमेची गोष्ट सांगणाऱ्याला वाटत असतं, समोरचा आता तोंड फिरवेल, दोष देईल. थेरपिस्ट शांतपणे ऐकत राहतो आणि अंदाज चुकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी १९५७ मध्ये सहानुभाव आणि विनाअट स्वीकार या उपचाराच्या आवश्यक अटी म्हणून मांडल्या. माझ्या मते करुणेचं खरं काम इथेच आहे.

प्रत्यक्षात, त्रासदायक प्रसंगांना ० ते १०० असे आकडे देऊन त्यांची शिडी करतात आणि बहुधा मधल्या पायरीपासून सुरुवात होते. बोलता बोलता नजर गोठली, आवाज सपाट झाला, ‘मी इथे नाहीच’ असं वाटू लागलं, तर प्रसंग तिथेच थांबवायचा. डोळे उघडे, तळवे जमिनीवर टेकलेले, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने. तसंच पुढे रेटलं तर नवं काही शिकलं जात नाही, जुनी भीतीच घट्ट होते. उलट चूकही होते आणि ती मायाळू थेरपिस्टकडून जास्त होते: अस्वस्थता चढली रे चढली की विषय बदलायचा. मेंदू मग ‘पळालो म्हणून वाचलो’ एवढंच शिकतो.

झोप अपुरी असेल तर ही नवी आठवण नीट टिकत नाही, म्हणून झोपेची चौकशी पहिल्याच सत्रात हवी. दारूचीही. धडधड, थरथर आणि घटतं वजन एकत्र दिसलं तर आधी थायरॉइडची तपासणी. सर्वांगीण उपचार म्हणतात तो हा. ‘पेशींत साठलेलं दुःख’ कंपनांनी एका शिबिरात काढून देणाऱ्यांकडे पुरावा नाही, आणि त्यांच्या नादात खरे उपचार लांबतात.

काही महिन्यांनी भीती अचानक परतली तर उपचार वाया गेला असं नाही. वर सांगितल्याप्रमाणे नवी आठवण जागेला बांधलेली असते. म्हणून सराव खोलीबाहेर, वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या वेळी करायचा, आणि सत्रं एकदम बंद न करता त्यांतलं अंतर वाढवत न्यायचं.