वस्ताद (कोल्हापूरची तालीम परंपरा)

तालमीतला प्रमुख शिक्षक. मल्लाचा व्यायाम, खुराक, डावपेच, दुखापत आणि मैदानातली जोड (कुणाशी लढायचे ते) या सगळ्यांत त्याचा शब्द अखेरचा. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या कोल्हापूरच्या तालमी जितक्या मल्लांमुळे, तितक्याच वस्तादांमुळे ओळखल्या जातात. नव्या पोराने कुस्ती मारली की फडात, म्हणजे कुस्तीच्या मैदानात, पहिला प्रश्न येतो, ‘कुणाचा पठ्ठा (शिष्य)?’ मैदान गाजवलेल्या प्रत्येकाला शिकवणे जमतेच असे नाही. उलट स्वतः फार मोठी कुस्ती न केलेली, पण पोरांच्या पिढ्या उभ्या करणारी माणसे तालमींनी पाहिली आहेत.

या परंपरेला बळ दिले ते राजर्षी शाहू महाराजांनी (१८७४–१९२२). महाराज स्वतः कुस्ती खेळत. १८९४ मध्ये गादीवर आल्यानंतर त्यांनी मल्लांना आश्रय दिला, उत्तरेकडचे नामांकित पैलवान कोल्हापुरात आणले. १९०२ च्या युरोप दौऱ्यात रोममधले प्राचीन क्रीडागार पाहून त्यांच्या मनात आलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये उभे राहिले. मध्ये हौदा (कुस्तीची मातीची जागा) आणि भोवती चढत जाणारी बैठक, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही पकड दिसते. डाव ओळखणारा प्रेक्षक इथेच तयार झाला. अशा प्रेक्षकापुढे पठ्ठा उतरवायचा म्हणजे वस्तादाचीही परीक्षाच.

वस्तादाचे काम पहाटे सुरू होते. जोर, बैठका आणि सपाट्यांची मेहनत झाली की हौद्यातली तांबडी माती उकरली जाते. तिच्यात तेल, ताक, लिंबू, हळद, कापूर पडलेले असते. मग लढत. वस्ताद कडेला बसून पाहतो आणि बोलतो अगदी थोडे. पट काढताना (प्रतिस्पर्ध्याचा पाय ओढताना) मान खाली जाते, ढाक या डावाला कंबर वेळेवर वळत नाही, खाली सापडला की हात शरीरापासून लांब राहतो, अशा चुका त्याला पहिल्या झटापटीत दिसतात. त्या सगळ्या एकाच दिवशी सांगण्याचा मोह आवरतो तो चांगला वस्ताद. एक चूक धरायची, ती अंगातून जाईपर्यंत तेवढीच घोटून घ्यायची. सगळ्यांना सगळे डाव दाखवले जातात, पण उंच, लांब हाताच्या पोराला एक डाव बसतो आणि ठेंगण्या, भरल्या मांडीच्या पोराला दुसरा. स्वतःचा हुकमी डाव प्रत्येकाच्या गळी उतरवणारे वस्तादही असतात. त्यांचे पठ्ठे लांबूनच ओळखू येतात आणि एकदा प्रतिस्पर्ध्याला गुपित कळले की लवकर पडतात.

पण वस्तादाचा खरा कस लागतो जोड लावताना. गावजत्रेच्या फडात हलगी कडाडत असते, इनामाचा आकडा पुकारला जातो आणि एखादा मल्ल हात वर करून जोड मागत फिरतो. पोराचे रक्त तापते, गावकरी पाठीवर थाप मारतात, इनामही मोठे असते. वस्ताद मात्र समोरच्याची मान पाहतो, मोडलेले कान पाहतो, तो माती हातात घेऊन कसा उभा राहतो ते पाहतो. आपल्या पोराला अजून वर्षभर ही जोड पेलणार नाही असे वाटले, तर चारचौघांत ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. त्या नकाराने तालमीची थोडी शोभा होते, पोरगा दोन दिवस रुसतो. पण गुडघा आणि उमेद दोन्ही शाबूत राहतात. सारख्या सोप्या जोडी लावून पोराला फुगवणारा वस्ताद यापेक्षा अधिक नुकसान करतो, असे या नोंदीचे मत आहे.

वस्ताद एक डाव राखून ठेवतो, अशी समजूत सर्वत्र आहे. तिची गोडी कथेपुरतीच मानावी. शिष्याने आपल्यावर उलटू नये म्हणून हातचे राखणारा माणूस तालीम वाढवू शकत नाही.

शिकवण्याचा आणि लढण्याचा गुण एकाच ठिकाणी आल्याचे ठळक उदाहरण म्हणजे गणपतराव आंदळकर (१९३५–२०१८). १९६० मध्ये ते हिंदकेसरी झाले, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांनी ग्रीको-रोमन प्रकारात सुवर्ण आणि फ्रीस्टाइलमध्ये रौप्यपदक मिळवले, १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकमध्येही ते उतरले. त्यानंतरची कित्येक दशके त्यांनी न्यू मोतीबाग तालमीत पोरे घडवण्यात घालवली. त्यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेले दादू चौगुले १९७४ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्यपदक घेऊन आले.

पाठीराखेपण तालमीबाहेरूनही येते. खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला निघाले तेव्हा प्रवासाचे पैसे अपुरे होते. राजाराम महाविद्यालयाचे माजी प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. खर्डेकरांनी एकही डाव शिकवला नव्हता, तरी वस्तादांच्या यादीत त्यांना जागा द्यायला हरकत नसावी.

या व्यवस्थेत दोषही आहेत. वस्तादाला उलट विचारायचे नाही, ही शिस्त चांगल्या माणसाच्या हाती कामाला येते आणि वाईटाच्या हाती पोराच्या मुळावर. दुखरा खांदा लपवून लढणारी पोरे बहुतेकदा भीतीपोटीच गप्प बसतात. झटपट अंग भरण्याच्या औषधांकडे डोळेझाक करणाऱ्याला तालमीतली माणसे वस्ताद म्हणत असली, तरी ती केवळ सवय.

मॅटमुळे कामाची रीतही बदलली. मातीवर पाठ लागेपर्यंत कुस्ती चालू शके आणि खडाखडीतच (उभ्याने एकमेकांना अजमावण्यातच) बराच वेळ जाई. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि प्रत्येक गुणाचा हिशोब. दम राखून प्रतिस्पर्ध्याला थकवण्याचे मातीतले शहाणपण तिथे अर्धेच उपयोगी पडते. काही तालमींनी हौद्याशेजारीच मॅट अंथरली आहे. मुलीही आता कुस्तीत उतरत असल्याने लंगोटाच्या काळात घडलेल्या वस्तादांना शिकवण्याची पद्धत नव्याने बसवावी लागते आहे.

कोल्हापुरात तालीम म्हणजे केवळ आखाडा नव्हे. पेठेचा गणपती तिच्या नावाने बसतो आणि पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा या तालीम मंडळांचे फुटबॉल संघ शहराच्या मैदानावर एकमेकांना भिडतात. त्यामुळे पेठेतली भांडणे मिटवायलाही लोक वस्तादाकडेच जात. आता हे काम बरेचसे नगरसेवकांकडे आणि मंडळाच्या अध्यक्षांकडे गेले आहे.