इव्हानोव कोण आणि सोझोनोव कोण?

रशियाची पुरुष दुहेरी म्हटलं की बॅडमिंटनवेड्यांच्या तोंडी एकच जोडी येते: इव्हानोव-सोझोनोव. घोटाळा असा की एकाचं आडनाव इव्हानोव आणि दुसऱ्याचं नाव इव्हान. व्लादिमिर इव्हानोव आणि इव्हान सोझोनोव. त्यात भर म्हणजे रिओ ऑलिंपिकमध्ये रशियाकडून एकेरी खेळलेला माल्कोवही व्लादिमिरच. त्याचा या जोडीशी काही संबंध नाही.

कोर्टवर मात्र दोघांची गल्लत होऊच शकत नाही. जवळजवळ दोन मीटर उंचीचा तो इव्हानोव. मागून उडी मारून तो स्मॅश ठोकतो तेव्हा शटल इतकं उभं खाली येतं की समोरच्याला ते गुडघ्याजवळून कसंबसं उचलावं लागतं. उचललेलं शटल वर जातं आणि इव्हानोवला पुन्हा तेच हवं असतं. सोझोनोव त्याच्याहून बराच बुटका आणि दोन वर्षांनी लहान. त्याची खरी जागा नेटपाशी. स्मॅश परतवताना शटल जरा सैल आलं की तो मध्येच रॅकेट घालून रॅली संपवतो. रॅलीत दोघं जागा बदलतात, सोझोनोवही मागून मारतो, पण इव्हानोव मागे आणि सोझोनोव पुढे अशी रचना लागली की ही जोडी सर्वात घातक. टाळ्या इव्हानोवच्या स्मॅशला पडतात. माझ्या मते मोठे सामने सोझोनोवच्या पुढच्या हातांनी काढून दिले. चांगली जोडी दोन-तीन स्मॅश परतवतेच. त्यानंतर नेटवर कोण उभं आहे त्यावर गुण ठरतो.

दोघांतला फरक सर्व्हिसच्या नियमातही दिसतो. पूर्वी शटल कंबरेच्या, म्हणजे सर्वात खालच्या बरगडीच्या, खाली मारायचं असे. जितका उंच खेळाडू तितकी त्याची बरगडी वर, म्हणजे सर्व्हिसही वरून. 2018 मध्ये सगळ्यांसाठी जमिनीपासून 1.15 मीटर ही एकच मर्यादा आली. सोझोनोवच्या उंचीच्या खेळाडूला फारसं काही बदलावं लागलं नाही. इव्हानोवच्या उंचीच्या माणसाला मात्र गुडघे वाकवून, हात खाली नेऊन सर्व्हिस करणं भाग पडलं.

यश दोघांचं एकत्रच. 2014 ला कझानमध्ये, घरच्या प्रेक्षकांसमोर, युरोपियन विजेतेपद. 2016 ला ऑल इंग्लंड या बॅडमिंटनमधल्या मानाच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात जपानच्या एन्डो-हायाकावावर मात. त्या स्पर्धेतलं रशियाचं हे पहिलंच विजेतेपद. त्याच वर्षी रिओत गटसामन्यात त्यांनी कोरियाच्या ली योंग-डे आणि यू येऑन-सेऑंग या जगातल्या अव्वल जोडीला हरवलं. मला त्यांचा हाच विजय सर्वात मोठा वाटतो, कारण ली-यू त्या वेळी सुवर्णपदकाचे पहिले दावेदार होते. पण उपांत्यपूर्व फेरीत चीनच्या चाई बियाव आणि हाँग वेई यांनी रशियनांना थांबवलं आणि पदक हुकलं.

मुंबईकरांनी इव्हानोवला सोझोनोवशिवायही पाहिलंय. 2016 च्या प्रीमियर बॅडमिंटन लीगमध्ये तो मुंबई रॉकेट्सकडून डेन्मार्कच्या मथियास बोसोबत दुहेरी खेळला. हाच बो पुढे सात्विक-चिराग या भारताच्या पुरुष दुहेरीच्या जोडीचा प्रशिक्षक झाला.