कमी रेटिंगवाला जिंकला, पण घोळ कुठे झाला होता?

कॉरस्पॉन्डन्स चेसमध्ये, म्हणजे पत्राने किंवा ऑनलाइन चाली पाठवून खेळायच्या बुद्धिबळात, कमी रेटिंगवाल्याने (रेटिंग म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणारा आकडा) वरच्याला हरवलं की पहिला प्रश्न ठरलेला, समोरच्याने घोळ घातला का? समोरासमोर बसून खेळताना हे विचारणं बरोबर आहे कारण तिथे घड्याळ पळत असतं, पण इथे एकेका चालीवर दिवसचे दिवस विचार करता येतो, पुस्तकं उघडता येतात, मोहरी हलवून बघता येतात, म्हणजे जास्त मेहनत घेणाऱ्याला इथे पहिल्यापासूनच जागा आहे.

1824 मध्ये लंडन आणि एडिनबरा क्लबांची पत्रांनी मॅच सुरू झाली. लंडनचा क्लब 1807 चा, एडिनबराचा 1822 चा, म्हणजे जेमतेम दोन वर्षांचा! 1828 ला मॅच संपली तेव्हा एडिनबराने दोन डाव जिंकले होते, एक हरला होता आणि दोन बरोबरीत. डावाच्या एका ठरावीक सुरुवातीला स्कॉच गेम हे नाव याच मॅचमुळे पडलं. मला मात्र त्याहून भारी वाटते ती पॅरिस विरुद्ध पेश्ट (आजच्या बुडापेस्टचा भाग), 1842 ते 1846. पॅरिसचा तेव्हा बुद्धिबळात प्रचंड दबदबा, 1834 ते 36 मध्ये त्यांनी लंडनला दोन्ही डावांत हरवलेलं (फ्रेंच डिफेन्स या सुरुवातीचं नाव तिथलंच), आणि त्याच पॅरिसला पेश्टवाल्यांनी दोन्ही डावांत हरवलं. हंगेरियन डिफेन्स हे आणखी एका सुरुवातीचं नाव त्यावरून आलं.

तेव्हा रेटिंग नव्हतंच. रेटिंग काढायची एलो पद्धत फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेने, स्वीकारली 1970 मध्ये. तिच्या हिशोबाने 200 पॉइंटने खाली असलेला खेळाडू शंभर डावांत साधारण 24 गुण घेतो (विजयाला एक, बरोबरीला अर्धा), म्हणजे असा विजय काही चमत्कार नाही, आणि डाव वर्ष-दीड वर्ष चालला तर सुरुवातीचा आकडा जुना होतो, खेळणारा तेवढ्यात पुढे गेलेला असतो.

आता मात्र गणित बदललंय. 1951 ला स्थापन झालेल्या आयसीसीएफच्या, म्हणजे कॉरस्पॉन्डन्स चेसच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, स्पर्धांत इंजिन (चाली शोधणारा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) वापरायला परवानगी आहे, दोघांकडे तितकीच तगडी इंजिनं, त्यामुळे वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीत सुटतात. म्हणून आज खालच्याने डाव जिंकला तर मी त्याला जास्तच मानतो. असा डाव बहुतेक वेळा बंदिस्त पोझिशनमध्ये किंवा लांबलचक एंडगेममध्ये (थोडीच मोहरी उरलेल्या शेवटच्या टप्प्यात) फिरतो, जिथे इंजिन कितीतरी चाली शून्य-शून्य, म्हणजे दोघं सारखेच, दाखवत राहतं, एकजण त्या आकड्यावर विश्वास ठेवून पुढची चाल पाठवून देतो आणि दुसरा स्वतः बसून प्याद्यांची रचना तपासत राहतो.