कोसंबींचे सूत्र टाइप करताना

गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९४४ साली आनुवंशिकीत एक सूत्र मांडले. गुणसूत्रावरच्या दोन जनुकांमधले अंतर त्यातून काढता येते आणि जनुकांचे नकाशे तयार करताना ते आजही वापरतात. पुनर्संयोगाचे, म्हणजे पुढच्या पिढीत जाताना जनुकांच्या जोड्या बदलण्याचे, प्रमाण ‘र’ मानले तर सूत्र असे:

अंतर = ¼ × लॉग [(१ + २र) / (१ − २र)]

लॉग नैसर्गिक, अंतर मॉर्गन या एककात. र ०.२ असेल तर १.४ भागिले ०.६ म्हणजे २.३३, त्याचा लॉग ०.८४७ आणि त्याचा चौथा हिस्सा सुमारे ०.२१२. आता हेच घाईत, छेदाचा कंस न घालता टाइप करून पाहा: (१ + २र)/१ − २र. भागाकार आधी आणि वजाबाकी नंतर, त्यामुळे उत्तर येते १. र काहीही घ्या, उत्तर १ च. १ चा लॉग शून्य, म्हणून अंतरही कायम शून्य. वहीत अपूर्णांकाची आडवी रेघच कंसाचे काम करते. एका ओळीत लिहिताना ती रेघ जाते, म्हणून अंश आणि छेद दोन्हींना कंस हवाच. मुळाचेही तसेच. √२+७ यात ७ मुळाच्या आत की बाहेर, हे कळत नाही. √(२+७) लिहिले की प्रश्न मिटतो.

चिन्हांचा घोटाळा मात्र वेगळ्या कारणाने होतो. संगणक चिन्हाचा आकार साठवत नाही, युनिकोड या जागतिक चिन्हसूचीतला त्याचा क्रमांक साठवतो. दिसायला जुळी असलेली दोन चिन्हे त्याच्या लेखी परकी असतात, आणि देवनागरीत अशा जोड्या बऱ्याच आहेत. गुणोत्तर लिहिताना २:३ ऐवजी विसर्गाची कळ दाबली, तर विसर्ग हे अक्षराला लागणारे चिन्ह असल्यामुळे आकड्यानंतर बहुधा ठिपक्यांचे वर्तुळ उमटते. केवलमूल्याच्या उभ्या रेघांऐवजी दंड टाकला की छापील कागदावर खपून जाते, पण शोधताना तो सापडत नाही.

सगळ्यात घातक चूक तापमानाच्या अंश-चिन्हाची (°). पणजीचे तापमान ३३° लिहिताना अनेक जण ३३ पुढे शून्य टाकून ते सुपरस्क्रिप्टने वर चढवतात. तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की मांडणी गळते आणि तापमान ३३० होते. घातांकाचीही तीच गत, १० चा पाचवा घात १०५ होऊन बसतो. ° आणि ² ही स्वतंत्र चिन्हे आहेत, ती वापरली की कुठेही नेली तरी टिकतात. देवनागरी आकड्यांची अशी घातांक-रूपे युनिकोडमध्ये नाहीत, त्यामुळे ‘क²’ मधला २ इंग्रजी राहतो. तो तसाच राहू द्यावा.

वर्डमध्ये चिन्ह आणायची माझ्या मते सर्वांत सोपी रीत म्हणजे क्रमांक टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबणे. २२६४ चे ≤ होते, २२६५ चे ≥, २२६० चे ≠, २२३४ चे ∴, २२३५ चे ∵, २२२० चे ∠. क्रमांक इंग्रजी आकड्यांत हवा. मराठी आकडे टाइप झाले तर हवे ते चिन्ह येत नाही. ऑल्ट दाबून धरून ०२१५ (×), ०२४७ (÷), ०१७६ (°) टाइप करायची रीतही चालते, पण त्यासाठी उजवीकडचा नंबर पॅड आणि चालू असलेला नमलॉक लागतो, म्हणून लहान लॅपटॉपवर ती फसते. मोबाइलवर जीबोर्डच्या इंग्रजी मांडणीत चिन्हांच्या दुसऱ्या पानावर √, π, ×, ÷ मिळतात. बरोबरचे चिन्ह दाबून धरले की ≠ आणि ≈.

उणे चिन्हाला दोन नियम लागतात. छापायच्या मजकुरात जोडरेघेऐवजी खरे उणे (२२१२) घालावे, कारण त्याची लांबी अधिकच्या चिन्हाशी जुळते. एक्सेलमध्ये मात्र उलट. तिथे खरे उणे चिकटवले तर −५ हा मजकूर ठरतो आणि बेरजेतून मुकाट वगळला जातो. कोष्टकात कीबोर्डवरची साधी रेघच हवी.

गोव्यात प्राथमिक शाळेनंतर गणित बहुतेक इंग्रजीतून शिकवले जाते. त्यामुळे डीटीपीवाल्यांकडे, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवणाऱ्यांकडे, एकाच कागदावर दोन्ही लिप्या येतात, आणि कृतीदेवसारखा जुना फॉन्ट असेल तर अडचण वाढते. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या क्रमांकांवर मराठी अक्षरे बसवलेली असतात. म्हणून तिथे × टाकायला गेले की भलतेच जोडाक्षर उमटू शकते. तेवढ्या चिन्हाचा फॉन्ट टाइम्स न्यू रोमन केला की काम भागते. खरा उपाय मजकूर युनिकोडमध्ये नेण्याचा.

मोठ्या सूत्रांसाठी वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरची कळ एकत्र दाबा. समीकरणाची चौकट उघडते. तिच्यात अंश आणि छेद कंसांसह एका ओळीत टाइप करून स्पेस दिली की अपूर्णांक उभा राहतो, बाहेरचे कंस आपोआप जातात आणि जोडरेघेचे उणे होते. तिथल्या कॅम्ब्रिया मॅथ फॉन्टमध्ये देवनागरी नाही, म्हणून चौकटीत इंग्रजी चले आणि आकडे ठेवावेत, मराठी शब्द बाहेर लिहावेत. फाइल छपाईला देताना पीडीएफच द्यावी.

पाठवण्यापूर्वी साधा मजकूर एकदा नोटपॅडमध्ये चिकटवून पाहा. तिथे ३३° चे ३३० दिसले, तर ते चिन्ह नव्हते, नुसते वर चढवलेले शून्य होते.