ढिगाचा वाफसा
पाऊस उघडल्यावर जमीन ओलसर असते पण पायाला चिकटत नाही, त्या अवस्थेला आपण वाफसा म्हणतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत तेव्हा पाणी आणि हवा दोन्ही नांदत असतात. घरच्या बागेसाठी कंपोस्ट करणाऱ्याने हा एकच शब्द ध्यानात ठेवला तरी त्याच्या बहुतेक अडचणींचा उलगडा होतो, कारण कुजणाऱ्या ढिगालाही वाफसाच लागतो. तो मोडण्याची प्रत्येक ऋतूची रीत मात्र वेगळी असते.

कुजवण्याचे काम करणारे जिवाणू पानांवरील पाण्याच्या पातळ थरात राहतात आणि त्यांना लागणारा ऑक्सिजन या थरातूनच झिरपत येतो. हवेच्या तुलनेत पाण्यातून ऑक्सिजन सुमारे १०,००० पट सावकाश पसरतो. त्यामुळे थर पातळ असेपर्यंत सारे सुरळीत चालते. पोकळ्या पाण्याने भरल्या की ढीग गुदमरतो. वजनाच्या ५० ते ६० टक्के ओल योग्य मानली जाते, पण ती मोजायला मूठ पुरते: ढिगाच्या आतला ऐवज घट्ट दाबल्यावर बोटांच्या फटीत एकदोन थेंबच डोकावले पाहिजेत.

पावसाळ्यात मुठीतून पाण्याची धारच लागते आणि पाठोपाठ सडक्या अंड्यांचा वास येतो. तो हायड्रोजन सल्फाइडचा, म्हणजे हवा संपल्याचा. ढीग उलटून त्यात सुका पालापाचोळा मिसळला आणि वर आच्छादन घातले की तो जातो. नाकात झिणझिण्या आणणारा अमोनियाचा वास मात्र वेगळा. तिथे नत्र (नायट्रोजन) जास्त झालेले असते. सूक्ष्मजीवांना नत्राच्या २५ ते ३० पट कर्ब (कार्बन) मानवतो. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात हे प्रमाण बरेच कमी, सुक्या पानांत बरेच जास्त, तर लाकडाच्या भुशात शेकडो पट असते. पंचाईत अशी, की ओला कचरा रोज निघतो आणि पाने मात्र एकाच हंगामात गळतात. म्हणून पानगळीत भरून ठेवलेली पोती ही माझ्या मते बागेतील सर्वांत मोलाची शिल्लक आहे. विकतचे कोणतेही कल्चर, म्हणजे कुजवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण, तिची जागा घेऊ शकत नाही.

उन्हाळ्यात ढीग वरून ठीक दिसतो, पण उकरला तर आतली पाने राख भुरभुरल्यासारखी पांढुरकी आणि कोरडी लागतात. ही राख म्हणजे ॲक्टिनोबॅक्टेरिया या जिवाणूंचे तंतू. ते उपकारकच असतात, कोरडेपणा मात्र घातक. मुंग्यांनी घर केले तर ओल संपल्याचे निश्चित समजावे. नुसते वरून ओतलेले पाणी कडेकडेने वाहून जाते, म्हणून ढीग उलटताना थराथराला शिंपडावे.

थंडीत तापमान १० अंशांनी उतरले की कुजण्याचा वेग साधारण निम्मा होतो. सुमारे एक मीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा ढीग स्वतःची ऊब राखतो. आतले तापमान ५५ अंश सेल्सिअसवर सलग तीन दिवस टिकले तर तणांचे बहुतेक बी आणि रोगजंतू मरतात. गच्चीवरचा लहान डबा एवढा तापत नाही. त्यात कमीपणा काही नाही, फक्त बी धरलेले तण आणि रोगट पाने त्यात टाकू नयेत.

खत तयार झाले की त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास येतो. दोन्हीकडे जिओस्मिन हे एकच द्रव्य असते आणि ते मुख्यतः त्याच ॲक्टिनोबॅक्टेरियांनी बनवलेले असते. घाई करून अर्धवट कुजलेले खत मातीत मिसळले, तर सूक्ष्मजीव उरलेला कर्ब पचवण्यासाठी मातीतील नत्र ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. त्यातील सेंद्रिय आम्लांमुळे बी रुजण्यातही अडथळा येतो. शंका असल्यास एका कुंडीत चाळलेले खत आणि दुसरीत नेहमीची माती घेऊन दोन्हींत हळीव पेरावा. काही दिवसांत खतातील अंकुर मातीतल्यापेक्षा विरळ किंवा खुरटे दिसले, तर ते खत आणखी महिनाभर ढिगातच राहू द्यावे.